बाबांच्या गाडीची चाकं

ट्रक कंपनीच्या यार्डात तिच्या बाबांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्यांना ‘सावकाश’ म्हणत. लांबलचक ट्रेलर ओढणारा ट्रक ते असा चालवत, की मागे अडकलेला माणूस आधी हॉर्न वाजवून थकायचा आणि मग कपाळाला हात लावायचा. सावकाश मात्र आपल्याच चालीने जायचे. चहासाठी थांबतानासुद्धा आधी जागा बघायचे, उतार बघायचे, मगच गाडी बाजूला घ्यायचे. बाकीचे ड्रायव्हर थट्टेने म्हणत, सावकाशला यमदूत न्यायला आला तर त्यालाच वाट बघत बसावं लागेल.

त्यांची आणखी एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. गाडी जागची हलवण्याआधी ते लोखंडी सळी घेऊन उतरायचे आणि पुढच्या चाकापासून ट्रेलरच्या शेवटच्या चाकापर्यंत एकेक टायर ठोकत जायचे. हवा भरलेला टायर खणखणीत वाजतो आणि सळी परत उडवतो. हवा कमी असेल तर आवाज बसका येतो. ट्रेलरला दोन दोन चाकं जोडून असतात, त्यातलं आतलं चाक दिसत नाही. त्यात हवा कमी असली तरी बाहेरचं चाक सगळा भार उचलून धरतं आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. त्या आतल्या चाकांसाठी सावकाश गुडघे टेकायचे. पाऊस असो, चिखल असो, त्यात खंड नव्हता.

त्यांच्या मुलीला हे सगळं फार उशिरा कळलं. लहानपणी तिने बाबांना पाहिलं ते आत्याच्या घरी, कधीतरी येऊन दोन दिवस झोपून जाणारा माणूस म्हणून. ती शाळेत जायच्या आधीच आई आजारात गेली होती. आत्या एकटी राहायची, शिवणकाम करायची, आणि भाचीला तिने पोटच्या पोरीसारखं वाढवलं. बाबा यायचे, पिशवीतून फळं काढून ठेवायचे, आंघोळ करून आडवे व्हायचे. उठले की मुलीसमोर बसायचे. “अभ्यास चाललाय का?” “हो.” “बरं.” मग दोघंही दाराकडे बघत बसायची. आत्या शिवणयंत्रावरून म्हणायची, “अरे, पोरीशी दोन शब्द बोल की.” बाबा मान डोलवायचे आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे. निघताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचे, तो हात डिझेलच्या वासाचा असायचा.

आईच्या मागे बाबांनी आपल्याला आत्याच्या पदरात टाकलं आणि मोकळे झाले, असं तिच्या मनाने घेतलं होतं. त्याबद्दल ती कधी भांडली नाही, कधी विचारलंही नाही. फक्त ते आले की तिला पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

शिक्षण संपल्यावर तिला नोकरी लागली ती नेमकी बाबा ज्या कंपनीत होते तिथेच, कंट्रोल रूममध्ये. बाबांनी कुणाकडे शब्द टाकला होता की नाही, ते तिला कधीच कळलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी कंपनीचा एक ट्रेलर भर रस्त्यात पेटला होता. आतल्या चाकातली हवा हळूहळू गेली होती, टायर तापत गेला होता आणि ड्रायव्हरला आरशात धूर दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. माल गेला तो गेलाच, आग विझवताना त्या ड्रायव्हरचे दोन्ही हात भाजले. तो पुन्हा स्टिअरिंगला बसला नाही. त्यानंतर मालकांनी सगळ्या गाड्यांच्या चाकांत सेन्सर बसवून घेतले. टायरमधली हवा किती आहे आणि टायर किती तापला आहे, हे केबिनमधल्या छोट्या पडद्यावर ड्रायव्हरला दिसायचं, आणि तेच आकडे कंट्रोल रूमच्या मोठ्या पडद्यावरही यायचे. ट्रेलरच्या मागच्या चाकांचा निरोप पुढे पोचावा म्हणून ट्रेलरच्या पोटाखाली वेगळी डबी लावलेली असायची. हवा कमी झाली किंवा टायर तापला की केबिनमध्ये पिपाणी वाजे आणि इकडे त्या गाडीची ओळ लाल होई.

ड्रायव्हरांनी त्या डबीचं नाव ठेवलं ‘चुगलखोर’. आपण कुठे थांबलो, किती वेळ थांबलो, हेही तिकडे दिसतं म्हटल्यावर त्यांचा जळफळाट झाला. एकाने तर तिच्यावर ओलं फडकं टाकून पाहिलं. सावकाश काहीच बोलले नाहीत. सेन्सर बसवणाऱ्याजवळ उभं राहून त्यांनी प्रत्येक चाकाचं काम पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे सळी घेऊन उतरले. कुणीतरी हसून म्हणालं, “आता कशाला ठोकताय? पडदा सांगतोय ना.” ते म्हणाले, “तो त्याचं काम करतोय, मी माझं.”

मुलीचं काम होतं लाल झालेल्या ओळीच्या ड्रायव्हरला फोन लावायचा आणि गाडी बाजूला घ्यायला लावायची. नवी नवी होती तेव्हा ड्रायव्हर तिच्यावर करवादायचे. “मॅडम, गाडी तुम्ही चालवताय का मी?” ती गुपचूप ऐकून घ्यायची. बाबांच्या गाडीची ओळ पडद्यावर खालच्या बाजूला होती. तिकडे तिचं लक्ष जायचं, पण ती ओळ कधी लाल होत नसे आणि फोन लावायची वेळ येत नसे. तिला त्याचं थोडं बरंच वाटायचं.

एका सकाळी ती ओळ लाल झाली. ट्रेलरच्या मागच्या एक्सलचं डावीकडचं आतलं चाक, हवा उतरत होती. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ते तिचे वरिष्ठ, आणि सावकाशची ती मुलगी आहे हे त्यांना माहीत होतं. “मी लावू का?” त्यांनी विचारलं. तिने मान हलवली आणि स्वतःच फोन लावला.

“बोला, कंट्रोल,” बाबांचा आवाज आला.

“ट्रेलर, मागचा एक्सल, डावीकडचं आतलं. हवा उतरतेय. जागा बघून थांबा.”

इंजिनाची घरघर हळू झाली. आवाज कुणाचा आहे ते त्यांना कळलं असणार. “थांबतो,” ते म्हणाले.

काही वेळाने त्यांचाच फोन आला. “खिळा आहे. चांगला बोटाएवढा. आणखी थोडं गेलो असतो तर चिंध्या झाल्या असत्या. बरं झालं सांगितलंत, मॅडम.” ते मॅडम कसे म्हणाले, चेष्टेने की कामाची रीत म्हणून, ते तिला कळेना. ती “ठीक आहे” म्हणाली आणि फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, “जेवलीस का?”

सकाळची वेळ होती. जेवायचा प्रश्नच नव्हता. तरी ती म्हणाली, “हो, जेवले.”

तिथून दोघांचं बोलणं सुरू झालं. आधी ते चाकांपलीकडे जात नसे. नवा ट्रेलर जोडला की बाबा फोन करून सांगायचे, “ट्रेलर बदललाय. मागची चाकं अजून मुकी आहेत, पडद्याला जोडून घे.” ती जोडून घ्यायची आणि म्हणायची, “बोलायला लागली.” कधी ते विचारायचे, तिला माहीत आहे हे माहीत असून, की दुपारी आकडा वाढलेला दिसला तर हवा कमी करायची का. ती म्हणायची, “नाही. टायर तापला की हवा फुगते. थंड झाल्यावर मोजायची.” “बरोबर,” ते म्हणायचे, आणि त्यांच्या आवाजात शाळेत नंबर आलेल्या पोरीच्या बापाचा अभिमान असायचा. मग हळूहळू बाकीचंही येऊ लागलं. कुठल्या रस्त्याला धुकं आहे, कुठल्या ढाब्यावरचा मालक वारला, आत्याचा गुडघा कसा आहे. समोर बसले की ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे ते बाबा फोनवर बोलायचे. बहुतेक समोर माणूस नसून नुसता रस्ता असल्यामुळे त्यांना सोपं जात असावं. गाडी चालू असताना तिने कामाशिवाय फोन लावलेला त्यांना खपत नसे. ते स्वतःच गाडी उभी करून फोन करायचे.

तिला त्यांच्या गाडीचे आकडे पाठ झाले. उतारावर इतरांचे ब्रेक कचकचून लागायचे आणि ट्रेलरची चाकं तापायची. बाबा उतार लागायच्या आधीच गिअर खाली टाकायचे, मग इंजिनच गाडी अडवून धरायचं, त्यामुळे त्यांची चाकं फारशी तापतच नसत. पडद्यावर त्यांची ओळ इतकी संथ असायची, की साहेब म्हणायचे, “तुझ्या बाबांची गाडी चालू आहे का उभी, तेच कळत नाही.”

नोकरीसाठी ती यार्डाजवळ खोली घेऊन राहत होती. एकदा आत्याकडे जेवायला गेली असताना ती सहज बोलून गेली, की एवढे सेन्सर लावले तरी बाबा सकाळी गुडघे टेकून चाकं बघतातच. आत्याने घास खाली ठेवला.

“त्याला कारण आहे,” ती म्हणाली. “तुला कधी सांगितलं नाही. त्यानेच सांगू दिलं नाही.”

मग आत्याने सांगितलं. आई गेल्यावर बाबांनी मुलीला लगेच आत्याकडे पाठवलं नव्हतं. लांबच्या फेऱ्या सोडून त्यांनी गावातल्या गावात पाण्याचा टँकर चालवायला घेतला आणि पोरीला जवळ ठेवलं. एका खोलीत दोघं राहत. त्यांना वेणी घालता येत नसे, दूध उतू जायचं, भात कधी कच्चा तर कधी करपलेला, पण रेटत होते. एका दुपारी मुलगी झोपलेली पाहून त्यांनी बाहेरून कडी लावली आणि एक खेप टाकायला गेले. एवढ्यात येतो म्हणून गेले, आणि वाटेत टँकरचं आतलं चाक फुटलं. ते चाक आधीच बसलेलं होतं, सकाळी त्यांनी पाहिलं नव्हतं. स्टेपनी चढवून परत येईपर्यंत अंधार पडला. मुलगी उठून दारावर हात आपटत रडत होती. शेजाऱ्यांनी कडी काढून तिला बाहेर घेतलं तेव्हा तिचा आवाज बसला होता. दुसऱ्याच दिवशी बाबा तिला घेऊन आत्याच्या दारात आले.

“मी म्हटलं, अरे, चुकून झालं, एवढं काय मनाला लावून घेतोस,” आत्या म्हणाली. “तर म्हणाला, माझ्याजवळ ती नीट राहणार नाही. तुझ्याजवळ राहील. आणि उभ्या उभ्या रडला. तेव्हापासून चाक न बघता गाडी हलवत नाही.”

मुलीचं ताट तसंच राहिलं. इतकी वर्षं जे गृहीत धरून ती वागत आली होती, त्याची उलथापालथ झाली होती. तिला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. खूप ताण देऊन पाहिला, तरी नाही.

पुढच्या फोनवर बाबांचं हवापाण्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, आत्याने मला टँकरचं सांगितलं.”

गाडी उभी होती, इंजिनही बंद होतं.

“तिला सांगू नको म्हटलं होतं,” ते म्हणाले.

“मला आठवत नाही काही. मी घाबरले होते का खूप?”

“घाबरली होतीस,” ते म्हणाले. “मी उचलून घेतलं तर मला सोडेचना. शर्टाला धरून झोपलीस. रात्रभर तसाच बसलो होतो.”

तिच्या डोळ्यांसमोर पडद्यावरच्या ओळी पुसट झाल्या. साहेब उठले आणि पाणी आणायला बाहेर गेले, बहुधा मुद्दामच.

“यावेळी आलात की दोन दिवस जास्त राहा,” ती म्हणाली.

“राहतो,” बाबा म्हणाले. आणि खरंच राहिले. आत्याचं शिवणयंत्र दुरुस्त करून दिलं, दाराची कुरकुरणारी बिजागरी बदलली, आणि मुलीबरोबर बाजारात जाऊन पिशव्या उचलल्या. बोलले थोडंच. पण आता गप्प बसण्यात अवघडलेपण उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपार होती, कंट्रोल रूममध्ये जेवून सगळे सुस्तावले होते. बाबांची गाडी लांबच्या फेरीवर होती, डोंगरातला मोठा उतार उतरत होती. मुलीने सहज पाहिलं तर ट्रेलरची चाकं तापत होती. ती बघत राहिली. आकडा चढतच होता. तिकडे केबिनमध्ये पिपाणी वाजली असणार, इकडे ओळ लाल झाली.

“तुझे बाबा ब्रेकवर उभे राहिलेत वाटतं,” साहेब म्हणाले.

“ते उतारावर ब्रेक असे कधी धरत नाहीत,” ती म्हणाली. तिने फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

मग गाडी थांबली. उतार संपल्यावर रस्त्याकडेला रुंद मोकळी जागा होती, नकाशावर गाडी तिथे दिसत होती. साहेबांना हायसं वाटलं. “थांबले बघ. टायर तापले म्हणून थांबले असतील. बघून करतील फोन.”

तिने वाट पाहिली. बाबा गाडी उभी केल्याबरोबर फोन करत. फोन आला नाही. तिने पुन्हा लावला, पुन्हा नुसता वाजला. चाकांचे आकडे आता उतरू लागले होते. आधी ट्रेलरची चाकं, मग पुढची. उभ्या गाडीचे टायर थंड होतात, त्यात विशेष काही नाही, रोज ती ते पाहत असे. पण आज एकेक आकडा खाली येताना बघवत नव्हतं.

त्या रस्त्याने समोरून येणारी कंपनीची एक गाडी होती. तिचा ड्रायव्हर ‘रेडिओ’, कारण त्याचं तोंड कधी बंद नसे. कंट्रोल रूमशी सगळ्यात जास्त हुज्जत घालणाराही तोच. तिने त्याला फोन लावला.

“काय मॅडम, आता काय चुगली आहे?”

“बाबांची गाडी उताराखाली उभी आहे. फोन उचलत नाहीत. तुम्ही जवळ आहात.”

“निघालो,” रेडिओ एवढंच म्हणाला.

तो पोचेपर्यंत ती उभीच होती. बसायला सांगून साहेब दमले. मग फोन आला, आणि रेडिओचा आवाज ओळखू येईना इतका हळू होता. “आहेत. जिवंत आहेत. स्टिअरिंगवर कलंडलेत. माझ्याकडे बघतायत, पण बोलता येत नाहीये. हँडब्रेक ओढलेला आहे, लाइट चालू आहेत. मी अँब्युलन्स बोलावलीय, मॅडम. मी इथेच आहे, हलणार नाही.”

पुढे हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, की मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. उतार उतरतानाच त्यांचा गिअरचा हात बधिर झाला असावा. गिअर पडेना म्हणून त्यांनी नुसत्या ब्रेकवर भरलेला ट्रेलर खाली आणला, मोकळी जागा येईपर्यंत धरून ठेवला आणि चांगल्या हाताने हँडब्रेक ओढला. पाय त्यानंतर गेला. त्या उताराखाली पुढे गाव आहे, शाळा सुटायची वेळ होती. रेडिओ लवकर पोचला म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. मुलीने ते ऐकून घेतलं. पलंगावर बाबा डोळे उघडे ठेवून पडले होते. तिला पाहून त्यांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, नुसता घोगरा आवाज आला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने त्यांचा चांगला हात धरला आणि म्हणाली, “गाडी नीट उभी आहे, बाबा. कुणाला काही झालेलं नाही.” तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.

त्यांना आत्याच्याच घरी आणलं. मुलगीही तिथे राहायला आली, रोज लांबून कामाला जायची. बाबांना सगळं समजत होतं, शब्द मात्र सापडत नसत. पाणी हवं असलं की भलताच शब्द यायचा आणि त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. दोघांना नुकतं बोलता यायला लागलं होतं आणि असं व्हावं, याचा तिला कधी कधी इतका राग यायचा की ती मोरीत जाऊन तोंड धुऊन यायची. मग संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून दिवसभराचं सांगायची. कुणाची गाडी कुठे अडकली, कुणाचा टायर बसला. ते कान देऊन ऐकायचे. एकदा तिने सांगितलं, की एका नव्या ड्रायव्हरने भर दुपारी आकडा वाढलेला पाहून तापलेल्या टायरांतून हवा सोडून दिली. बाबांनी हात झटकला, ओठ जुळवले आणि स्पष्ट म्हणाले, “गाढव.”

आत्या यंत्रावरून उठून आली. आजारपणानंतरचा त्यांचा तो पहिला नीट शब्द होता. तिघंही हसली, आत्या तर डोळ्यांना पदर लावून. त्यानंतर थोडे थोडे शब्द परत आले. फार नाहीत. ‘बस’, ‘नको’, ‘उद्या’, आणि मुलीला हाक मारायला एक आवाज, जो शब्द नव्हता पण दोघींना कळायचा. रेडिओ अधूनमधून येऊन त्यांच्याजवळ बसायचा आणि दोघांच्या वाटचं एकटाच बोलायचा. बाबांच्या गाडीवर आता तोच होता. मागची चाकं तो रोज वाकून बघतो, असं त्याने शपथेवर सांगितलं. बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहून विश्वास नसल्यासारखी मान हलवली, आणि तो खजील झाला.

असे ते आणखी काही काळ राहिले. मग छातीत कफ झाला, तो वाढत गेला. शेवटचे दिवस मुलीने रजा घेतली होती. एका पहाटे, ती जवळ असताना, त्यांचा श्वास हळू होत होत थांबला.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं. आत्या यंत्रापुढे बसली होती, यंत्र चालवत नव्हती. तिने विचारलं, “फोनवर तो तुझ्याशी एवढं काय बोलायचा गं? माझा सख्खा भाऊ, पण जन्मात माझ्याशी चार वाक्यं सरळ बोलला नाही.”

“चाकांबद्दलच जास्त,” मुलगी म्हणाली.

“मग तेच सांग.”

मुलगी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि सांगू लागली. आतल्या चाकात हवा कमी असली तरी बाहेरून कसं कळत नाही, नवा ट्रेलर जोडला की मागची चाकं मुकी कशी असतात, उतार लागायच्या आधी गिअर का टाकायचा. आत्याला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. ती मध्येच विचारायची, “असं तो म्हणायचा?” मुलगी म्हणायची, “हो, असंच म्हणायचे,” आणि पुढे सांगत राहायची.